मोकळ्या रानातील वराहपालन: सॉफ्टवेअरवर अन्नद्रव्यांचा ताळेबंद मांडताना

सॉफ्टवेअर उघडायचे, डुकरांची संख्या टाकायची, सातबाऱ्यावरचे क्षेत्र टाकायचे, बाकीच्या चौकटी आहेत तशा सोडायच्या आणि शेवटी आलेला हेक्टरी आकडा अहवालात उतरवायचा. मोकळ्यावर डुकरे पाळणाऱ्यांचे बहुतेक ताळेबंद, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश ही अन्नद्रव्ये किती आली आणि किती बाहेर गेली याचे हिशेब, असेच तयार होतात आणि बहुतेक चुकतात. सॉफ्टवेअरचा त्यात फारसा दोष नसतो. गायी-म्हशींच्या कुरणासाठी घातलेली पद्धत डुकरांना लावली जाते, तिथे घोळ होतो. गाय जे खाते त्यातले बरेचसे त्याच कुरणात उगवलेले असते. मोकळ्यावरच्या डुकराचे जवळजवळ सगळे पोषण बाहेरून पोत्यातून येते. शिवाय ते जमीन उकरते, गवत संपवते आणि मलमूत्र ठरावीक जागी टाकते. त्यामुळे इथला हिशेब खाद्याच्या वजनापासून सुरू व्हायला हवा आणि डुकरे प्रत्यक्ष वावरतात त्या जमिनीच्या नकाशावर संपायला हवा. सॉफ्टवेअरचे काम या दोन टोकांच्या मधले.

खालचा क्रम मोडू नका. पहिले चार टप्पे कागदावर किंवा साध्या एक्सेलमध्ये पुरे होतात आणि ते पुरे होईपर्यंत मॉडेल, म्हणजे हे सॉफ्टवेअर, उघडण्याची गरज नाही.

## टप्पा १: हद्द आणि कालावधी ठरवा

ताळेबंद कशाचा, हे आधी लिहून काढा. पूर्ण शेताचा, की फक्त डुकरांखालच्या जमिनीचा? दोन्ही मांडावे लागतात, पण वेगवेगळे. शेताच्या दुसऱ्या भागात पिकवलेली ज्वारी किंवा मका डुकरांना घातला, तर शेताच्या पातळीवर ती अंतर्गत उलाढाल ठरते. डुकरांच्या ब्लॉकच्या, म्हणजे हिशेबासाठी वेगळ्या आखलेल्या जमिनीच्या भागाच्या, पातळीवर मात्र तो बाहेरून आलेला माल असतो. एकाच तक्त्यात दोन्ही पातळ्या मिसळल्या की नत्र दोनदा मोजले जाते किंवा मुळीच मोजले जात नाही.

कालावधी सलग १२ महिन्यांचा घ्या. सुरुवातीच्या आणि शेवटच्या दिवशी खाद्याच्या टाकीत किती शिल्लक होती आणि कळपात किती जनावरे होती, याची नोंद हवीच. डुकरे दर वर्षी नव्या तुकड्यावर जात असतील, तर वर्षाच्या ताळेबंदाखेरीज पूर्ण फेरीचाही, म्हणजे डुकरे आणि त्यानंतरची पिके मिळून होणाऱ्या दोन-तीन वर्षांचा, ताळेबंद लागेल. स्फुरदाचा प्रश्न फेरीतच दिसतो, एका वर्षात दिसत नाही.

क्षेत्र कुंपणाच्या आतले निव्वळ मोजा. रस्ते, झाडांच्या रांगा, पाण्याच्या टाकीभोवतीचे काँक्रीट, नाल्याकाठची सोडलेली पट्टी वजा करा.

## टप्पा २: खाद्याचा हिशेब

मेहनत करायची ती इथे. नत्राच्या आवकेतला ९० टक्क्यांहून अधिक वाटा सहसा खाद्यातून येतो. बाकी सगळ्या नोंदी अचूक असल्या आणि खाद्याचा आकडा १० टक्क्यांनी चुकला, तरी ताळेबंद वाया गेला समजा.

प्रत्येक प्रकारच्या खाद्याची स्वतंत्र ओळ करा: गाभण माद्यांचे, दूध पाजणाऱ्या माद्यांचे, पिल्लांचे, वाढत्या डुकरांचे. प्रत्येक ओळीत तीन आकडे लागतात. वर्षभरात आलेले वजन (टाकीतल्या शिल्लकेचा फरक धरून), प्रथिनांचे प्रमाण आणि स्फुरदाचे प्रमाण. पालाशही घेता आले तर घ्या. विकल्या गेलेल्या डुकरांबरोबर पालाश फारच थोडा जातो, म्हणून जमिनीत तो झपाट्याने साचतो.

प्रथिनांवरून नत्र काढायची रीत सोपी आहे: कच्च्या प्रथिनांच्या टक्केवारीला ६.२५ ने भागा. १३ टक्के प्रथिनांचे खाद्य म्हणजे २.०८ टक्के नत्र, अर्थात टनामागे २०.८ किलो.

इथे तीन चुका वारंवार होतात.

पहिली चूक ओल्या-सुक्या वजनाची. प्रयोगशाळेचा अहवाल बहुधा शुष्क पदार्थावर, म्हणजे ओलावा काढून उरलेल्या वजनावर, असतो, पोत्यावरचे वजन मात्र ओलाव्यासकट असते. अहवालात १५ टक्के प्रथिने आहेत आणि खाद्यात शुष्क पदार्थ ८८ टक्के आहे, तर प्रत्यक्ष पोत्यातले प्रमाण १३.२ टक्के. दोन्ही आकडे खरेच, पण कोणता कुठल्या वजनाला लावायचा ते पाहिले नाही तर हिशेब सुमारे १४ टक्क्यांनी फुगतो.

दुसरी चूक स्फुरदाच्या रूपाची. खाद्याच्या लेबलवर स्फुरद मूलद्रव्य म्हणून दिलेले असते. खतांच्या पोत्यावर आणि काही सॉफ्टवेअरमध्ये ते पी-टू-ओ-फाइव्ह या ऑक्साइड रूपात असते. मूलद्रव्याला २.२९ ने गुणले की ऑक्साइड मिळतो. पालाशासाठी हा गुणक १.२ आहे. सॉफ्टवेअरची चौकट यांतले काय मागते ते मदत-पानावर वाचून खात्री करा, अंदाजाने भरू नका.

तिसरी चूक वाया गेलेल्या खाद्याची. माद्यांनी ‘खाल्लेले’ खाद्य धरू नका, ‘आलेले’ धरा. मोकळ्यावर खाद्य सांडते, चिखलात तुडवले जाते, पक्षीही नेतात. पक्ष्यांचा वाटा कुणाला मोजता येत नाही. पण जमिनीवर सांडलेले जमिनीतच राहते आणि आलेल्या वजनावर हिशेब केला की ते आपोआप त्यात येते. ज्या मॉडेलमध्ये डुकराची खाद्याची गरज गृहीत धरून मलमूत्र काढले जाते, त्यात सांडलवंडीची वेगळी चौकट असते. ती शून्य ठेवू नका.

> तपासणी: गाभणकाळ आणि दूध पाजण्याचा काळ मिळून एका मादीला वर्षाला साधारण १.२ ते १.५ टन खाद्य लागते. तुमचा आकडा यापेक्षा फार वर किंवा खाली असेल, तर पुढे जाऊ नका. बिले परत काढा. बहुधा एखादी गाडी दोनदा लिहिलेली असते किंवा वाढत्या डुकरांचे खाद्य माद्यांच्या खात्यात पडलेले असते.

खाद्याखालोखाल अंथरूण. गव्हाच्या काडात नत्र साधारण अर्धा ते पाऊण टक्का असते. ते निवाऱ्यातून पुन्हा उचलून बाहेर नेत असाल, तर त्याच्याबरोबर मलमूत्रही जाते. म्हणून नेलेल्या खताचे वजन आणि एका नमुन्याचे पृथक्करण, दोन्ही ठेवा.

गवताबद्दल मात्र सावध राहा. डुकरे त्याच तुकड्यातले गवत खातात आणि तिथेच विष्ठा टाकतात. हे चक्र ब्लॉकच्या आतले आहे, त्याला आवक म्हणून लिहू नका. द्विदल गवतांमुळे होणारे नत्र स्थिरीकरण ही मात्र खरी आवक. पण डुकरांनी उकरून टाकलेल्या तुकड्यात ती नगण्य असते, त्यामुळे क्लोव्हर (असेच एक द्विदल गवत) असल्याचे मॉडेलला सांगण्यापूर्वी ते शिल्लक आहे का, हे रानात जाऊन पाहा.

## टप्पा ३: जनावरांचा हिशेब

आधी कळप जुळवा: सुरुवातीचा साठा, अधिक जन्म, अधिक खरेदी, हे सगळे शेवटचा साठा, विक्री आणि मृत्यू यांच्या बेरजेइतके आले पाहिजे. हे जुळत नसेल तर पुढचे काहीच जुळणार नाही.

मग वजने. डुकराच्या जिवंत वजनात नत्र सुमारे २.५ टक्के आणि स्फुरद सुमारे ०.५ टक्के धरण्याची पद्धत आहे. मॉडेलमध्ये वयानुसार वेगळे गुणांक दिले असतील तर तेच वापरा. इथली ठरलेली चूक म्हणजे कत्तलखान्याच्या पावतीवरचे वजन थेट टाकणे. ते सोललेल्या, साफ केलेल्या धडाचे असते, जिवंत वजनाच्या साधारण तीन चतुर्थांश. ते जिवंत वजनाच्या चौकटीत टाकले, तर बाहेर गेलेले नत्र पाव हिश्श्याने कमी दिसते.

मेलेली जनावरे शेताबाहेर नेली तर ती जावक. शेतातच पुरली किंवा कंपोस्ट केली तर ती जावक नाही. त्यांचे नत्र त्या जागेच्या ब्लॉकमध्ये जाते.

## टप्पा ४: कागदावरची शिल्लक

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. ६० माद्या, पिल्ले दूध सुटताच विकली जातात, एकूण १५ हेक्टर जमीन, त्यांपैकी दर वर्षी ५ हेक्टरवर डुकरे आणि उरलेल्या १० हेक्टरवर पिके.

आवक, नत्र:
- गाभण माद्यांचे खाद्य ५४ टन, प्रथिने १३ टक्के: १,१२३ किलो
- दूध पाजणाऱ्या माद्यांचे खाद्य २४ टन, प्रथिने १७.५ टक्के: ६७२ किलो
- काड १२ टन, नत्र ०.६ टक्के: ७२ किलो
- विकत घेतलेल्या तरुण माद्या २०, प्रत्येकी ११० किलो: ५५ किलो

एकूण १,९२२ किलो.

जावक, नत्र:
- पिल्ले १,३२०, प्रत्येकी ७ किलो: २३१ किलो
- कळपातून काढलेल्या माद्या २०, प्रत्येकी २२० किलो: ११० किलो
- बाहेर नेलेली मृत जनावरे, एकूण ४८० किलो वजन: १२ किलो

एकूण ३५३ किलो. शिल्लक १,५६९ किलो, म्हणजे मादीमागे वर्षाला साधारण २६ किलो.

हेच स्फुरदासाठी करा. गाभण खाद्यात ०.५५ टक्के आणि दुधाच्या खाद्यात ०.६ टक्के धरले, काड आणि खरेदीची जनावरे मिळवली, तर आवक सुमारे ४६२ किलो, जावक सुमारे ७१ किलो, शिल्लक ३९१ किलो. नत्राचा काही भाग हवेत जातो, स्फुरदाला ती वाट नाही.

> तपासणी: शेताबाहेर गेलेल्या जनावरांतल्या (मृत धरून) नत्रातून विकत आणलेल्यांचे वजा करा आणि खाद्यातल्या नत्राने भागा. वरच्या उदाहरणात २९८ भागिले १,७९५, म्हणजे सुमारे १७ टक्के. फक्त माद्या आणि दूध पिणारी पिल्ले असलेल्या कळपात असाच कमी आकडा येतो. वाढती डुकरे विक्रीच्या वजनापर्यंत ठेवली तर तो एक तृतीयांशाच्या आसपास जातो. माद्यांच्या कळपात ४० टक्के दिसले तर आनंदून जाऊ नका. खाद्याची एखादी ओळ गळली आहे.

## टप्पा ५: जमिनीचे ब्लॉक पाडा

हा टप्पा उरकून टाकला जातो आणि सगळ्यांत महाग पडतो. वरची १,५६९ किलोची शिल्लक तीन प्रकारे भागता येते.

पूर्ण १५ हेक्टरवर भागली तर हेक्टरी १०५ किलो. अहवाल देखणा दिसतो. पण डुकरे वर्षभर ५ हेक्टरवरच होती, म्हणून खरा आकडा हेक्टरी ३१४. आणि त्या ५ हेक्टरमध्येही मलमूत्र सारखे पडत नाही. डुक्कर झोपण्याची जागा शक्यतो स्वच्छ ठेवते. विष्ठा टाकण्याच्या जागा ठरतात त्या निवाऱ्याच्या आसपास, कुंपणाच्या कडेने आणि खाद्य व पाण्याच्या वाटेवर. खाद्य टाकण्याच्या पट्ट्यात सांडलेला माल वेगळाच. समजा, ६० टक्के नत्र २० टक्के जागेवर पडते. मग त्या एका हेक्टरवर ९४१ किलो आणि उरलेल्या चार हेक्टरवर हेक्टरी १५७. कळप तोच आणि खाद्यही तेच, फक्त कशाने भागले त्यावर आकडा १०५, ३१४ किंवा ९४१ होतो. नत्राची गळती भाराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. पिकाची शोषणक्षमता संपली की वरचे जवळजवळ सगळे झिरपते. म्हणून सरासरी भार टाकून काढलेली गळती नेहमी कमी दिसते.

तेव्हा ब्लॉक असे पाडा:

१. प्रत्येक तुकडा हवाई छायाचित्रावर किंवा फोनच्या जीपीएसने आखा आणि त्याला कायमचा क्रमांक द्या.
२. त्यावर निवारे, खाद्याची पट्टी, पाण्याची जागा, लोळणीचे खड्डे, सावली आणि फाटके खुणा करून दाखवा. निवारे वर्षात हलवले असतील तर दोन्ही जागा, तारखांसह.
३. जास्त वापराची जागा आणि उरलेली जागा असे किमान दोन ब्लॉक करा. उतार किंवा मातीचा प्रकार बदलत असेल तर तिसरा.
४. प्रत्येक ब्लॉकला वर्षभराच्या शिलकेतला वाटा द्या आणि तो वाटा कशावरून धरला ते लिहून ठेवा.

वाट्याचा अंदाज घ्यायला डुकरांचे निरीक्षण पुरते. सकाळी, दुपारी आणि खाद्यानंतर, वेगवेगळ्या हवामानात, कोणत्या भागात किती माद्या आहेत ते काही दिवस मोजा. ढोबळ असले तरी ‘सगळीकडे सारखे’ या गृहीतकापेक्षा हे कितीतरी बरे. नंतर मातीचे नमुने हा वाटा सुधारतात.

> इशारा: दूध पाजणाऱ्या माद्यांचे तुकडे आणि गाभण माद्यांचे तुकडे एकाच ब्लॉकमध्ये घालू नका. त्यांचे खाद्य, प्रथिने आणि जागेमागची संख्या सगळेच वेगळे असते.

## टप्पा ६: आता सॉफ्टवेअर

आधी पाहा, हातातले मॉडेल नेमके काय मोजते. दोन जाती आहेत. एक जात डुकरातून किती मलमूत्र आणि किती अन्नद्रव्ये बाहेर पडतात ते सांगते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कृषी खात्याने तयार केलेले, एक्सेलवर चालणारे पिगबॅल हे या जातीचे. दुसरी जात जमिनीवर पडल्यानंतर त्याचे काय होते, किती हवेत, किती पिकात आणि किती मुळांच्या थराखाली जाते, ते मांडते. न्यूझीलंडचे ओव्हरसीअर त्यातले. पहिल्या जातीच्या मॉडेलमधून निघालेला उत्सर्जनाचा आकडा ‘गळती’ म्हणून सादर करणे ही सर्रास होणारी गल्लत आहे.

ओव्हरसीअरसारखे मॉडेल दीर्घकालीन सरासरी हवामानावर आणि शेत स्थिर अवस्थेत असल्याच्या गृहीतकावर वार्षिक आकडा देते. मागच्या पावसाळ्यात काय घडले ते त्यातून कळत नाही. न्यूझीलंड सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये त्याच्या गळतीच्या आकड्यांवर आणि व्यवस्थापन बदलल्यावर दिसणाऱ्या फरकांवरही पुरेसा भरवसा ठेवता येत नाही असे म्हटले होते. म्हणून मॉडेल वापरू नये असे नाही. पण ज्या हवामानासाठी आणि मातीसाठी ते बसवले आहे त्याबाहेर ते ओढू नका, आणि त्याचा आकडा दशांशापर्यंत खरा मानू नका.

नोंदी भरण्याचा क्रम:

१. जागा, हवामान, माती. मातीचा प्रकार यादीतून निवडताना निचरा आणि पाणी धरून ठेवण्याची क्षमता पाहा. उथळ, रेताड मातीला खोल चिकणमाती म्हणून टाकले तर पुढचे सगळे फसवे.
२. ब्लॉक, टप्पा ५ प्रमाणे. आधी ब्लॉक, मग जनावरे. उलट केले तर बरीच सॉफ्टवेअर जनावरे पूर्ण क्षेत्रावर सारखी पसरून टाकतात आणि ते नंतर लक्षात येत नाही.
३. जनावरे महिन्यागणिक, वर्गवार, कोणत्या ब्लॉकमध्ये ते दाखवून.
४. खाद्य: आपले स्वतःचे आकडे. तयार यादीतले ‘सर्वसाधारण वराह खाद्य’ निवडू नका.
५. जमिनीवरचे आच्छादन, महिन्यागणिक.
६. डुकरे उठल्यानंतरची मशागत, पेरणीची तारीख, अपेक्षित उत्पादन, काढणी आणि काड नेले की गाडले.

पाचव्या नोंदीवर थोडे थांबा. बहुतेक मॉडेलमध्ये मूळ निवड ‘कुरण’ असते. कुरण म्हटले की मॉडेल असे धरते की मुळे वर्षभर नत्र खेचत आहेत. माद्यांनी दोन-तीन महिन्यांत उकरून काळी केलेल्या जमिनीवर खेचायला मुळेच नसतात. ती उघडी जमीन म्हणून दाखवा, ज्या महिन्यापासून ती प्रत्यक्षात उघडी झाली त्या महिन्यापासून. हा एकच बदल केल्यावर गळतीचा आकडा इतका उडी घेतो की लोक घाबरून पुन्हा ‘कुरण’ निवडतात. आकडा आवडला नाही म्हणून नोंद बदलायची नसते. दर महिन्याला एकाच जागेवरून काढलेले फोटो ठेवले, तर नोंद बदलण्याचा मोहही होत नाही आणि तपासणाऱ्यालाही दाखवता येते.

> इशारा: हवेत उडून जाणारा अमोनिया तुम्ही कागदावर आधीच वजा केला असेल आणि मॉडेलही वजा करत असेल, तर नत्र दोनदा हरवते. मॉडेलला नेहमी वजावट न केलेली शिल्लक द्या.

## टप्पा ७: मातीचे नमुने

सरसकट पूर्ण तुकड्याचा एकत्र नमुना घेऊ नका. जास्त वापराच्या जागेची माती त्यात मिसळली तर सरासरी बिघडते, आणि वगळली तर खरा धोका दिसत नाही. टप्पा ५ मधल्या प्रत्येक ब्लॉकचा वेगळा नमुना हवा. स्फुरद-पालाशासाठी वरच्या १५ सेंटिमीटर थरातून १५ ते २० ठिकाणची माती मिसळा. नायट्रेटसाठी (नत्राचे पाण्याबरोबर झिरपणारे रूप) ६० ते ९० सेंटिमीटरपर्यंत थरागणिक वेगळे नमुने घ्या आणि ते थंड ठेवून लगेच प्रयोगशाळेत पाठवा, नाहीतर पिशवीतच नायट्रेट बदलत राहते. एकदा डुकरे येण्यापूर्वी, एकदा उठल्यावर. दर वर्षी त्याच हंगामात.

## टप्पा ८: निकाल वाचा

मॉडेलचा अहवाल आला की सर्वांत आधी आवक-जावकेची पाने उघडा, गळतीचे पान नंतर. मॉडेलने दाखवलेली खाद्यातली नत्र-आवक तुमच्या कागदावरच्या आकड्याशी जुळली पाहिजे. फरक ५ टक्क्यांहून जास्त असेल तर एककाची किंवा ओलाव्याची चूक शोधा. ही जुळणी न करता गळतीवर चर्चा करण्यात अर्थ नाही.

मग हवेत गेलेल्या नत्राचे प्रमाण पाहा. हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चराऊ जमिनीवर पडलेल्या मलमूत्रातील सुमारे २० टक्के नत्र अमोनिया आणि नत्राच्या ऑक्साइडच्या रूपात उडते असे मूळ गृहीत दिले आहे. तुमच्या मॉडेलने ५० टक्के दाखवले तर त्याने डुकरे बंदिस्त शेडमध्ये आणि मलमूत्र साठवणीच्या तळ्यात धरले आहे का, ते तपासा. असे होते, कारण कित्येक सॉफ्टवेअरमध्ये मोकळ्यावरच्या डुकरांचा पर्याय खालच्या यादीत दडलेला असतो.

आता फेरीचा हिशेब. उदाहरणात डुकरांच्या वर्षात हेक्टरी ३१४ किलो नत्र आले, त्यातले साधारण ६३ किलो उडाले असे धरू, उरले २५१. नंतर दोन वर्षे हेक्टरी ५ टन गव्हाचे पीक घेतले, दाण्यात २ टक्के नत्र, तर दोन पिकांत २०० किलो गेले. कागदावर नत्र जवळपास जुळते. पण वेळ जुळत नाही: डुकरे उठतात तेव्हा नत्र तयार असते आणि पीक महिन्यांनी येते, मधल्या पावसात ते निसटते. स्फुरद तर जुळतच नाही. हेक्टरी ७८ किलो आले, ५ टन गहू साधारण १६ किलो नेतो, दोन पिकांत ३२. प्रत्येक फेरीत ४६ किलो साचत राहणार. नत्राच्या आकड्यावर फेरीची लांबी ठरवणाऱ्यांना हे दहा वर्षांनी माती परीक्षणात दिसते.

## टप्पा ९: पर्याय चालवून पाहा

मूळ फाइल कुलूपबंद ठेवा, तिची प्रत काढा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चालवून पाहण्याजोगे पर्याय माझ्या मते याच क्रमाने:

खाद्य. गाभण माद्यांच्या खाद्यातली प्रथिने १३ वरून १२ टक्क्यांवर आणली तर उदाहरणात ८६ किलो नत्र शेतात येतच नाही. अमिनो आम्लांचा तोल आहारतज्ज्ञाकडून तपासून घ्यावा लागेल. धान्यात अडकलेले स्फुरद पचनासाठी मोकळे करणारे फायटेज विकर वापरून बाहेरून घातलेला फॉस्फेट कमी केला आणि त्या खाद्यातले स्फुरद ०.५५ वरून ०.४५ टक्क्यांवर आले, तर ५४ किलो स्फुरद वाचते. आवकच कमी करणारा हा एकच पर्याय आहे, बाकी सगळे आलेल्या मालाची वाटणी बदलतात.

पसरण. खाद्याची पट्टी आणि निवारे ठरावीक काळाने हलवणे. एकूण भार तोच राहतो, पण ९४१ चा हेक्टर उरत नाही. मॉडेलमध्ये हे ब्लॉकचे वाटे बदलून दाखवावे लागते. निवारे प्रत्यक्षात हलणार नसतील, कामाला माणूस नसेल, तर हा पर्याय अहवालात लिहू नका.

पेरणीची तारीख. डुकरे उठल्याबरोबर खोल मुळांचे, भराभर नत्र शोषणारे पीक पेरणे. मॉडेलमध्ये पेरणी एक महिना अलीकडे-पलीकडे करून पाहा. फरक मोठा दिसला तर डुकरे उठवण्याचा महिनाच बदलण्याचा विचार करावा लागेल.

क्षेत्र वाढवणे. सगळ्यांना आधी हेच सुचते. हेक्टरी आकडा खाली येतो हे खरे. पण नवीन क्षेत्रातही डुकरे जुन्याच सवयीने एका कोपऱ्यात वावरली तर फक्त सरासरी सुधारते.

उताराच्या जमिनीवर स्फुरदासाठी वेगळा विचार हवा. ते मुख्यतः मातीच्या कणांबरोबर वाहून जाते, म्हणून खालच्या कडेला न उकरलेली गवताची पट्टी राखणे आणि खाद्याची जागा नाल्यापासून दूर, वरच्या अंगाला नेणे. ते मॉडेलमध्ये नीट दाखवता आले नाही तरी करावे.

## टप्पा १०: जपून ठेवायच्या गोष्टी

अहवालाबरोबर मूळ फाइल, खाद्याची बिले आणि पृथक्करणे, कळपाची जुळवणी, ब्लॉकचा नकाशा, महिन्याचे फोटो आणि गृहीतकांची यादी एकाच ठिकाणी ठेवा. यादीत प्रत्येक आकड्यापुढे तो मोजलेला आहे, बिलावरून घेतला आहे की अंदाजाने धरला आहे, हे लिहा.

सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि फाइल चालवल्याची तारीख पहिल्या पानावर टाका. नवी आवृत्ती आली की त्याच नोंदींवर वेगळा आकडा येऊ शकतो. मागच्या वर्षीचा जुन्या आवृत्तीतला आणि यंदाचा नव्या आवृत्तीतला आकडा शेजारी ठेवून ‘गळती घटली’ असे म्हणता येत नाही. दोन्ही वर्षांच्या फाइल एकाच आवृत्तीत पुन्हा चालवा, मग तुलना करा.